रांगेतून उठून वाजवणारे

नागपूरच्या नंदनवन भागात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी व्हायोलिनचा क्लास चालतो. शिकवतो ते आपलंच शास्त्रीय, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्याशी टेकवून. अधूनमधून एखाद्या शनिवारी मात्र वाद्यं पेटीतच ठेवायची आणि नुसतं ऐकायचं. अशाच एका शनिवारी टीव्हीला मोबाईल जोडून विवाल्दीचा चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्तो, म्हणजे सोलोवादक आणि ताफा यांची रचना, लावला होता. एका विद्यार्थिनीची आई तिला न्यायला आली, दारातच थांबली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "सर, यातला मेन कलाकार कोणता हो? चौघंही उठले न् चौघंही वाजवून राहिले."

मला हा प्रश्न फार आवडला, कारण या संगीताची सगळी गंमत त्यातच आहे. पाश्चात्त्य मैफल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साठ-सत्तर वादक, समोर काठी हलवणारा कंडक्टर आणि परदेशातून आलेला पाहुणा सोलोवादक येतो. हा थाट पुढच्या काळातला. साधारण १६०० ते १७५० या बरोक काळात वादक बरेचदा असायचे दहा-पंधरा. काठीवाला सहसा नसायचा. पहिला व्हायोलिनवाला किंवा हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या वाद्यावर बसलेला माणूस मानेने खूण करायचा आणि मंडळी सुरू व्हायची. सोलो कोण वाजवणार? त्यांच्यातलेच दोघं, तिघं, चौघं. इटालियन संगीतकार कोरेल्लीचे बारा कॉन्चेर्ती १७१४ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. त्यांत दोन व्हायोलिनं आणि एक चेलो असा तिघांचा छोटा गट, आणि त्याला तोलून धरणारा बाकीचा ताफा. तिघं काही बोलतात, सगळे मिळून उत्तर देतात, पुन्हा तिघं. आपल्याकडे तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं ज्यांनी मंडळात बसून म्हटली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. एक जण कडवं उचलतो, मंडळ ते झेलतं, आणि कडवं संपलं की तोच माणूस पुन्हा मंडळातला होतो.

विवाल्दीचा तो कॉन्चेर्तो १७११ च्या संचातला. त्याच्या मधल्या संथ भागात एक जागा आहे, ती मी पोरांना परतपरत ऐकवतो. चौघांकडे स्वरांचा गुच्छ एकच, पण तो फोडून वाजवायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. कुणी स्वर जोडून एका गजात ओढतो, कुणी तुटक टाकतो. चाल म्हणावी अशी तिथे जवळजवळ नाहीच. चार गजांच्या चार तऱ्हा एकमेकींवर पडतात आणि खोलीभर नुसता झगमगाट होतो. यात एकाला मेन म्हटलं की रचनाच मोडते. बाखला ती इतकी भावली की त्याने चार हार्पसिकॉर्डांसाठी ती पुन्हा बांधली.

बाखचीच आणखी एक खोडी सांगतो. हार्पसिकॉर्ड म्हणजे त्या काळचा साथीदार, खालचा आधार देत बसणारा. १७२१ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला अर्पण केलेल्या सहा कॉन्चेर्तींपैकी पाचव्यात बासरी आणि व्हायोलिनबरोबर त्यालाही त्याने सोलोत घेतलं. पहिला भाग संपत आला की बाकीचे सगळे गप्प होतात आणि हा साथीदार तीनेक मिनिटं एकटाच सुटतो. आपल्या मैफलीत संवादिनीवाल्याला गवयाने "आता तुम्हीच वाजवा" म्हणावं आणि खरंच हात मांडीवर ठेवून ऐकत बसावं, असं कितीदा घडतं?

घरचेच वादक सोलोला उभे केले की काही जाणकार नाक मुरडतात. पाहुण्याचे पैसे वाचवले, म्हणतात. वाचत असतीलही. पण दुसऱ्या रांगेत बसून वर्षानुवर्षं फक्त भरणीचे स्वर वाजवणाऱ्याचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. तरुणपणी मी गणपतीत सिनेगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. पोस्टरवर गायकाचं नाव, आमचं कुठेच नाही. एखाद्या गाण्यात चार ओळींचा पीस एकट्याला मिळाला, तर महिनाभर आधीपासून हात त्यासाठी तयार व्हायचा. नाही मिळाला की हात सुस्तावायचा. वादकांना आळीपाळीने पुढे आणणाऱ्या ऑर्केस्ट्रात दुसरी रांगही जागी असते, आणि हे कानाला कळतं.

विवाल्दीला तर पाहुण्याची गरजच नव्हती. १७०३ मध्ये तो व्हेनिसच्या ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथालयात व्हायोलिन शिकवायला लागला. तिथल्या टाकून दिलेल्या मुलींपैकी ज्यांना गळा किंवा हात होता, त्यांना संगीताचं पक्कं शिक्षण मिळे. आडनाव नसलेल्या या मुली वाद्याच्या नावाने ओळखल्या जात. त्यांतल्या व्हायोलिनवाल्या आन्ना मारियासाठी विवाल्दीने कितीतरी कॉन्चेर्ती लिहिले. मुली सज्जातल्या जाळीमागून वाजवायच्या आणि युरोपभरचे लोक त्यांना ऐकायला व्हेनिस गाठायचे.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटतं, पण इतकं लांब नाही. शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं छाटली ते साल १६६३. त्याच साली जुन्या गोव्यात जेझुइटांकडे एका इटालियन पाद्र्याने सात गायकवृंदांचं संगीत ऐकलं, आणि आपण रोममध्येच आहोत असं वाटल्याचं लिहून ठेवलं. रचना इटालियन संगीतकार कारिस्सिमीची होती, असं त्याला सांगण्यात आलं. कारिस्सिमी तेव्हा रोममध्ये हयात होता. म्हणजे बरोक संगीत ताजं असतानाच कोकण किनाऱ्यावर उतरलं होतं. पुढे गोव्याच्या चर्चशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनवादक घडवले आणि ते मुंबईच्या सिनेमात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आहे, ते शिष्याने वाहिलेलं फूल. पडद्यामागच्या वादकाचं नाव असं घराघरांत पोचण्याचा योग आपल्याकडे विरळाच.

आज असा ताफा ऐकायचा तर मुंबईला एनसीपीए हे कलाकेंद्र गाठावं. खुशरू सनटूक आणि कझाखस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी २००६ मध्ये तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. मोठ्या हंगामाला बाहेरचे वादक येऊन मिळतात, पण कायमचा गाभा लहान आहे. चेंबर ऑर्केस्ट्रा निघतो तो याच गाभ्यातून, आणि बरोकसाठी तेवढी माणसं पुरतात. पणजीत डॉक्टर लुईस डायस यांनी २००९ मध्ये चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन सुरू केलं. ज्यांच्या घरी व्हायोलिन येण्याची शक्यताच नव्हती, अशा मुलांना तिथे ते शिकवलं जातं. व्हेनिसच्या त्या अनाथालयाशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

आणि नागपूर? आमच्या नंदनवनापासून रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह हाकेच्या अंतरावर आहे, पण या संगीताला ते फार मोठं. चेंबर म्हणजे खोलीतलं संगीत. त्याला दोन-तीनशे श्रोते आणि नैसर्गिक घुमारा हवा. सदरमधलं एखादं चर्च यासाठी नामी आहे. तेव्हा आयोजकहो, एवढं करा. बारा-पंधरा वादकांचा ताफा बोलवा. मे महिन्यात मुळीच नको. आपल्या कोरड्या उन्हात खुंट्या सैल पडतात आणि वाजवण्यापेक्षा सूर मिळवण्यातच वेळ जातो. डिसेंबर-जानेवारी धरा. माइक लावू नका. पहिल्या रांगेतले सोफे हलवा, मध्यंतरात सत्कार घुसवू नका, आणि पत्रिकेवर पाहुण्यांऐवजी सगळ्या वादकांची नावं छापा, दुसऱ्या रांगेतल्यांचीसुद्धा.