काटा उणेकडे, काटा मधे

पॉइंटवाली जुनी बुलेट चालू करण्याचा एक विधी असतो. किल्ली फिरवायची, हेडलाइटच्या वरच्या अँमीटरवर नजर ठेवायची आणि किक हळूहळू दाबत न्यायची. उणेकडे झुकलेला काटा टुणकन मधे आला की थांबायचं. सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढून किक आणखी बोटभर उतरवायची, तो सोडायचा आणि मग एकच सणसणीत किक. वडिलांकडून वा काकांकडून हे शिकलेल्या बहुतेकांना त्या काट्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढली, वीस किका मारूनही ती ढिम्म राहिली आणि मेकॅनिक प्लग काढून म्हणाला, "करंटच नाय", की मग तो अर्थ शोधावा लागतो.

मजा अशी, की ठिणगी प्रवाह वाहताना पडत नाही, तो तुटताना पडते. पॉइंट म्हणजे कॅमवर मिटणारी-उघडणारी धातूच्या टोकांची जोडी. ते मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून फिरतो. वेटोळ्याचा रोध साडेतीन ओहम धरला, तर १२ व्होल्टला साधारण साडेतीन अँपिअर. काटा उणेकडे झुकतो तो यामुळे. कॉइलच्या लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मग कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, काटा मधे येतो आणि ते क्षेत्र क्षणात कोसळतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत वीज निर्माण करतं, हे फॅरडेने १८३१ साली दाखवलं होतं. शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत त्यामुळे दहा-पंधरा हजार व्होल्ट उसळतात.

पण प्रवाहालाही सवय असते. तोडला तरी तो उघडत्या पॉइंटमधून उडी मारून वाहू पाहतो. त्याला क्षणभर दुसरीकडे सामावून घेतो तो कंडेन्सर. अंगठ्याएवढी डबी, पण ती बिघडली की मेकॅनिक कॉइल बदलतो, प्लग बदलतो आणि गिऱ्हाईक बदलायची वेळ येते.

आता काट्याकडे वळू. दिवे बंद ठेवून किक सावकाश फिरवा. काटा शून्यावरून हलतच नसेल, तर प्रवाह कॉइलपर्यंत पोचत नाही किंवा पॉइंटमधून अर्थिंग होत नाही. दमट हवेत उभ्या गाडीत बहुधा दुसरं कारण निघतं: पॉइंटच्या तोंडांवर काळपट थर चढलेला असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवून स्वच्छ कापडाने पुसला, की काटा जिवंत होतो. काटा उणेकडे जाऊन तिथेच बसला, तर पॉइंट उघडत नाहीत, त्यांची तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फटीत ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचं फिलर गेज सरकलं पाहिजे. एक मात्र जपा: पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू सोडून चहाला जाऊ नका, तेवढ्या वेळात कॉइल चांगलीच तापते.

काटा शहाण्यासारखा झुलतोय आणि तरीही ठिणगी नाही, तर दोष पुढे: कॉइलचं बारीक वेटोळं, जाड प्लगवायर, कॅप, प्लग. पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगला मरतुकडी पिवळी, तर कंडेन्सर आतून तुटलेला.

इथे प्लग फसवतो. बाहेर काढून हेडला टेकवला की छान निळी ठिणगी देतो, आत बसवला की मुका. साध्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला ढोबळमानाने तीन हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा कित्येक पट दाट असते, त्यामुळे तेवढीच फट ओलांडायला जास्त जोर लागतो. म्हणून जुने मेकॅनिक कॅप काढून वायरचं टोक हेडपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरतात; तेवढी उडी मारली तरच कॉइल पास. वायर इन्सुलेटेड पकडीत धरायची आणि प्लगचं भोक बंद ठेवायचं, कारण आत पेट्रोलची वाफ असते.

यामाहाच्या आरएक्स १००मध्ये मात्र पॉइंट नाहीत, काटाही नाही. आहे तो पॉइंटचं काम करणारा सीडीआयचा बंद इलेक्ट्रॉनिक डबा. तिथलं निदान म्हणजे मित्राच्या गाडीचा डबा दहा मिनिटांसाठी मागून आणायचा आणि लावून बघायचा.