काजळीपर्यंत पोहोचणारे रसायन

इंजिनात साचणाऱ्या घाणीला गॅरेजमध्ये सरसकट ‘कार्बन’ म्हणतात, पण ती एकाच जातीची नसते. इंजेक्टरच्या टोकावर लाखेसारखा पातळ, चकाकता मुलामा बसतो. इनटेक व्हॉल्व्हच्या मानेवर भुसभुशीत काळा थर चढतो, पिस्टनच्या माथ्यावर कडक खपली धरते. रिंगांच्या खाचांत राळेसारखा चिकटा साचतो, तर खाली ऑइलमध्ये गाळ जमतो. जागा बदलली की तापमान बदलते आणि तापमान बदलले की घाणीचा स्वभावही. म्हणून एका बाटलीत सगळ्या इंजिनाची सफाई, हा दावा मुळातच लंगडा आहे. कोणत्याही क्लीनरबद्दल पहिला प्रश्न एवढाच विचारावा की तो घाणीपर्यंत पोहोचतो का.

दोन-स्ट्रोक स्कूटरींच्या काळात महाराष्ट्रातले मेकॅनिक हा प्रश्न हातानेच सोडवत. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असे, त्यामुळे चेतकसारख्या स्कूटरचा एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर हळूहळू बुजत जाई. स्कूटर चढावर दम टाकू लागली, प्लग वरचेवर शॉर्ट होऊ लागला की हेड उतरवायचे आणि पिस्टनचा माथा खरवडून काढायचा. सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजत पडे. कॉस्टिक तेलकट काजळीची पकड सोडवतो आणि लोखंडाच्या वाटेला फारसा जात नाही, ॲल्युमिनियम मात्र खातो. घाईत हेडही त्याच बादलीत टाकले तर पाणी खदखदू लागते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि गुळगुळीत धातूला खड्डे पडतात.

इंजिन न खोलता सफाई करायची तर रसायन इंधनाबरोबर आत गेले पाहिजे. इथे दोन मार्ग आहेत. पहिला विद्रावकांचा, म्हणजे ॲसिटोन, टोल्युइन, झायलीन वगैरेंचा. कार्ब्युरेटर क्लीनरच्या फवाऱ्याच्या डब्यात मुख्यतः हेच असतात. ताजा डिंकासारखा थर ते पाहता पाहता वितळवतात, पण भाजून कडक झालेल्या खपलीपुढे त्यांचे फारसे चालत नाही. शिवाय रबरी सील आणि रंग यांनाही ते सोडत नाहीत.

दुसरा मार्ग डिटर्जंटचा आणि तो साबणासारखा आहे. रेणूच्या एका टोकाला नायट्रोजन असलेला अमाइन गट असतो, तो घाणीला किंवा धातूच्या पृष्ठभागाला चिकटतो. उरलेली लांब हायड्रोकार्बन शेपटी पेट्रोलमध्ये सहज विरघळते. अशा रेणूंनी वेढलेला कण सुटून इंधनाबरोबर वाहून जातो आणि उघड्या पडलेल्या धातूवर नवा कण सहजी बसत नाही. 1954 मध्ये अमेरिकेत शेव्हरॉनने डिटर्जंट असलेले पेट्रोल विकायला काढले, तेव्हा लक्ष्य होते फक्त कार्ब्युरेटर. तिथे फारशी उष्णता नसते, त्यामुळे साधे अमाइन पुरत. व्हॉल्व्हच्या तापलेल्या मानेवर मात्र ते टिकत नसत. मग शेपटी लांब आणि उष्णता सोसणारी केली गेली आणि पॉलिब्युटीन अमाइन आले.

त्याची जाहिरात रसायनाच्या पुढे धावली. 1970 मध्ये शेव्हरॉनच्या पेट्रोलमध्ये एफ-310 नावाचे हे मिश्रक आले. टीव्हीवरच्या जाहिरातीत एका गाडीच्या एक्झॉस्टला पारदर्शक फुगा बांधलेला दिसे. आधी तो काळ्या धुराने भरे आणि हे पेट्रोल सहा टाक्या वापरल्यावर स्वच्छ राही. सांगायला अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. पहिल्या फुग्याची गाडी मुद्दाम घाण करणाऱ्या इंधनावर चालवलेली होती. दुसऱ्या फुग्यात धूर दिसत नव्हता, तरी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन होतेच. 1978 मध्ये अपील न्यायालयानेही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. रसायन खोटे नव्हते, फुगा खोटा होता.

पॉलिब्युटीनची खरी अडचण वेगळी होती. व्हॉल्व्ह धुऊन तो ज्वलनकक्षात जाई आणि तिथे स्वतः पूर्ण जळत नसे, उलट थरात भर घाली. साचलेल्या थरामुळे कॉम्प्रेशन वाढते, उष्णता अडते आणि इंजिन ठोका देऊ लागते. यावर उतारा निघाला पॉलिईथर अमाइनचा. त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर ऑक्सिजनचे अणू असतात. तो व्हॉल्व्हवर टिकतो, पण ज्वाळेत सापडला की तुटून स्वच्छ जळतो. बाटलीबंद पेट्रोल क्लीनर घेताना लेबलवर हे नाव शोधण्यात अर्थ आहे. त्याचा थोडा अंश रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतो, म्हणून बाटली ऑइल बदलण्याआधी ओतावी.

1980 च्या दशकात कार्ब्युरेटर जाऊन पोर्ट इंजेक्शन आले आणि घाणीने जागा बदलली. इंजेक्टर चालू गाडीत फारसा खराब होत नाही, तो बंद गाडीत होतो. गरम इंजिन थांबले की टोकावर राहिलेला पेट्रोलचा थेंब शिजत राहतो. हलका भाग उडून जातो आणि ऑलेफिन नावाचे हायड्रोकार्बन जुळून लाख तयार होते. थोडे चालवून पुन्हा पुन्हा बंद करण्याची शहरी सवय याला पोषकच. छिद्र इतके बारीक असते की पातळ थरानेही फवाऱ्याचा आकार बिघडतो.

डिटर्जंट खरेच काम करतो का, हे ठरवायला वजनकाटा लागतो. अमेरिकेतील एका प्रमाणित चाचणीत बीएमडब्ल्यू 318आय गाडी 10,000 मैल चालवत. व्हॉल्व्ह आधी तोलून बसवायचे, शेवटी काढून पुन्हा तोलायचे. वाढलेले वजन सरासरी 100 मिलिग्रॅमच्या आत असेल तर पेट्रोल पास. 1995 पासून अमेरिकेत प्रत्येक पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट सक्तीचा झाला. तो किमान पुरत नाही म्हणून 2004 मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी ‘टॉप टियर’ हे वरचे मानक आखले. भारतात त्याच सुमारास पंपांवर ‘स्पीड’, ‘एक्स्ट्राप्रीमियम’ अशी मिश्रकयुक्त पेट्रोले आली.

डायरेक्ट इंजेक्शनने हा सगळा हिशेब उलटवला. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे ते इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही. क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ मात्र तिथेच भाजत राहते. टाकीत कितीही महागडी बाटली ओतली तरी इंजेक्टर आणि ज्वलनकक्ष साफ होतील, व्हॉल्व्ह नाहीत. हवेच्या मार्गातून फवारायचे क्लीनर थोडाफार ओलसर थर काढतात. जाड थरासाठी मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. टरफल काजळी फोडण्याइतके कठीण, पण धातू ओरखडणार नाही इतके मऊ असते.

डिझेलमध्ये थर धरतो इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत. दहा लाखांत एक भाग जस्तही त्याला पुरते. युरोपातल्या प्यूजो इंजिनावरच्या चाचणीत एवढे जस्त मुद्दाम मिसळून इंजेक्टर खराब करतात आणि मिश्रकाची परीक्षा घेतात. सोडियमचे साबण आत चिकटले तर इंजेक्टरची सुईच अडकते. पेट्रोलची बाटली इथे उपयोगाची नाही.

उरतो ऑइलचा गाळ. ऑइल काढण्याआधी फ्लश ओतून इंजिन काही मिनिटे न पळवता जागेवर चालू ठेवतात. चिकटलेल्या रिंगा त्याने कधी मोकळ्याही होतात. पण वर्षानुवर्षे ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात गाळ विरघळण्याऐवजी त्याचे तुकडे सुटतात, ते पंपाच्या जाळीवर बसतात आणि बेअरिंगना ऑइल मिळेनासे होते. अशा इंजिनाचे आधी तळाचे ऑइलचे भांडे (संप) उतरवून जाळी हाताने धुवावी लागते.