घराची डागडुजी हिवाळ्यातच करा

घर गळते याची आठवण आपल्याला होते ती जूनच्या पहिल्या सरीला. मग घमेली-बादल्या मांडून चार महिने काढायचे, हा कष्टकरी कुटुंबांचा नेहमीचा अनुभव. ऐन घाईत गवंडीही मिळत नाही. खरे तर डागडुजीला योग्य काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. पाऊस नसल्याने छप्पर उघडता येते. ऊन सौम्य असल्याने नव्या गिलाव्यातले पाणी लवकर उडून जात नाही व भेगा कमी पडतात. शिवाय पावसाळ्यातल्या ओलीचे डाग अजून भिंतीवर दिसतात.

आधी रंगाचा डबा आणू नका. ओल आली कुठून ते पाहा. डाग वर असेल तर छत तपासा, खिडकीखाली असेल तर चौकटीची फट पाहा. जमिनीलगत पांढरा खार फुटला असेल तर पायातून ओल चढत असते किंवा बाहेर सांडपाणी साचत असते. ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पोपडे निघतात आणि पैसा वाया जातो.

पत्र्याच्या बोल्टखालचे झिजलेले वायसर बदलावेत. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, आडवी फळी टाकावी. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो कापू किंवा घासू नये; ती धूळ फुप्फुसांना घातक असते. कौलारू घराची फुटकी कौले आताच बदलावीत. गिलाव्याची भेग खरवडून, धुऊन, एकास तीन सिमेंट-वाळूच्या मालाने भरावी व किमान सात दिवस पाणी मारावे. स्लॅबचे गज उघडे पडून गंजले असतील तर वरून गिलावा थापून झाकू नका, अभियंत्याला दाखवा.

थंडीतली आणखी एक काळजी घ्या. दारे-खिडक्या बंद करून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपेतच माणूस दगावतो. पाणी तापवायच्या रॉडचा प्लग काढल्याशिवाय बादलीत हात घालू नका.

सगळी कामे एकदम झेपणार नाहीत. म्हणून क्रम लावा: पहिल्या महिन्यात छत, दुसऱ्या महिन्यात सांडपाण्याची वाट, मग भिंती आणि सर्वांत शेवटी रंग. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांशी बोलून खर्च वाटून घ्या. पै-पै जोडून बांधलेले घर पुढच्या पावसाळ्यात कोरडे राहील, ते आताच्या या कामामुळे.