वहीच्या नियमांवरून पेटलेला वाद

वर्गात वारं घुमतं, बाकं उडतात, अंधारातून काटेरी केसांचा मृत्युदेव र्‍यूक पुढे येतो आणि लाइट टर्नर घसा फाटेस्तोवर किंचाळत सुटतो. नेटफ्लिक्सवर २५ ऑगस्ट २०१७ रोजी आलेल्या ॲडम विंगार्डच्या ‘डेथ नोट’मधला हा प्रसंग. ‘डेथ नोट’ ॲनिमेच्या असंख्य चाहत्यांचं मन या सिनेमावरून उडालं ते इथेच.

ॲनिमेत र्‍यूक येतो तेव्हा लाइट यागामीला, जिच्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो अशी वही सापडून पाच दिवस झालेले असतात आणि तिची पानंच्या पानं गुन्हेगारांच्या नावांनी भरलेली असतात. समोर साक्षात मृत्युदेव बघून तोही दचकतो, खुर्चीवरून पडतो. पण लगेच सावरून उठतो आणि आपण तुझी वाटच पाहत होतो, असं त्याला सांगतो. अमेरिकी लाइट पहिला खून करतो तो र्‍यूकने डिवचल्यावर. जपानी लाइटला कुणी डिवचलेलं नाही. देशभरातल्या सराव परीक्षेत पहिला येणारा हा पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या मर्जीने खुनी होतो. ‘डेथ नोट’ची सगळी भीती या मर्जीत आहे. ती काढून घेतली की उरतो तो घाबरलेला, चुकीच्या संगतीत सापडलेला मुलगा. अशी मुलं इतर शंभर सिनेमांतही भेटतात.

लाइव्ह-ॲक्शन रूपांतर आलं की चाहते चिडतात आणि त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: यांना काही बदललेलं खपतच नाही. ‘डेथ नोट’चाच इतिहास या उत्तराला खोटं ठरवतो. नेटफ्लिक्सच्या अकरा वर्षं आधी जपानमध्ये याच कथेवर दोन सिनेमे निघाले होते. त्यांनी मूळ कथेचा शेवटच बदलला, आणि तरी चाहत्यांनी ते मनापासून स्वीकारले.

त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही मांगा २००३ ते २००६ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात क्रमशः आली. शुसुके कानेको यांनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा जून २००६चा, दुसरा नोव्हेंबरचा. मॅडहाउस स्टुडिओचा ३७ भागांचा ॲनिमे यांच्या मधे, ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. जपानबाहेरच्या अनेकांनी मात्र ॲनिमे आधी पाहिला आणि सिनेमांना त्याच्याच मापाने मोजलं.

या कथेचा जीव वहीच्या नियमांत आहे. ज्याचं नाव लिहायचं त्याचा चेहरा डोळ्यांसमोर हवा. मृत्यूचं कारण चाळीस सेकंदांत लिहिलं नाही तर हृदयविकाराचा झटका. नियम प्रेक्षकालाही ठाऊक असतात, म्हणून लाइट आणि गुप्तहेर एल यांच्या प्रत्येक डावाचा हिशेब तोही मांडत राहतो. घरात ६४ छुपे कॅमेरे लावलेले असताना लाइट वेफर्सच्या पाकिटात छोटा टीव्ही दडवतो आणि खाता खाता नावं लिहितो. एका मुलाने वेफर्स खाण्यात एवढा थरार भरता येतो, तो या नियमांमुळेच.

(कथेचे शेवट ज्यांना आधी कळू द्यायचे नाहीत, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.)

मांगात आणि ॲनिमेत एल शेवटाच्या बराच आधी मरतो. तो अनेक चाहत्यांचा सर्वांत लाडका. त्याच्या जाण्याची हळहळ आजही ओसरलेली नाही. कानेकोंच्या दुसऱ्या सिनेमात एल जिंकतो. कसा? तो आधीच स्वतःचं नाव वहीत लिहून ठेवतो आणि मृत्यू २३ दिवसांनंतरचा नेमतो. एकदा नाव लिहिलं गेलं की नंतर दुसऱ्या कुणी लिहिलेल्याला अर्थ उरत नाही, म्हणून लाइटचा शेवटचा सापळा फुकट जातो. आपलं मरण मोजून देऊन एल डाव जिंकतो. हा शेवट ओबांचा नाही, पण त्यांच्याच नियमांतून निघालेला आहे आणि एलच्या स्वभावाला पुरता शोभणारा आहे. त्या २३ दिवसांवर पुढे २००८मध्ये ‘रिंग’च्या हिदेओ नाकाता यांनी स्वतंत्र सिनेमा केला. केनिची मात्सुयामाचा उकिडवा बसणारा, अनवाणी, सतत गोड खाणारा एल तोवर घरचाच झाला होता.

पहिल्या सिनेमातली शिओरी हे पात्रही मुळात नव्हतं. लाइटची ही मैत्रीण. तपास पथकात शिरकाव व्हावा, सहानुभूती मिळावी म्हणून तो तिचाही बळी देतो. भर घातली आणि लाइट आणखी लाइट झाला. २०१७च्या सिनेमात तो मिया नावाच्या मुलीला जवळजवळ ओळख होताक्षणी वही दाखवून मोकळा होतो, तेव्हा नेमकं उलट घडतं.

शंभर मिनिटांच्या आसपासच्या या सिनेमाने जपानी सिनेमांना साडेचार तास लागलेला पल्ला गाठायचा होता, ही अडचण खरी. लाकीथ स्टॅनफील्डच्या अभिनयाचं कौतुकही झालं आणि ते रास्त आहे. पण त्याच्या एलला उत्तरार्धात पिस्तूल घेऊन रस्त्यांवर धावायला लावलं. खुर्चीत पाय पोटाशी घेऊन जग हलवणारा माणूस धावू लागला तेव्हा बसण्याची लकब तेवढी मुळातली राहिली होती.

लकबीच्या अचूकतेने काम भागत नाही, याचा पुरावा त्याच वर्षीचा ‘घोस्ट इन द शेल’. मामोरू ओशी यांच्या १९९५च्या ॲनिमेतली इमारतीवरून घेतलेली उडी, पाण्यातली मारामारी, रुपर्ट सँडर्सने हे सगळं निगुतीने पुन्हा उभं केलं. मेजर या नायिकेच्या भूमिकेसाठी स्कार्लेट जोहान्सनच्या निवडीवरून अमेरिकेत मोठा वाद झाला, तर खुद्द ओशींनी तिच्या निवडीला हरकत घेतली नाही. सिनेमाचं दुखणं त्याहून खोल होतं. जुन्या चित्रपटातली मेजर विचारते की शरीर यंत्राचं झाल्यावर ‘मी’ म्हणजे काय, आणि शेवटी ती ते ‘मी’पणच ओलांडून जाते. नवी मेजर आपला चोरीला गेलेला भूतकाळ शोधते, आई शोधते, आणि दोन्ही सापडतात. चौकटी त्याच राहिल्या, प्रश्न मात्र हरवला.

‘वन पीस’ या मांगावरून मालिका होताना मात्र मांगाचा कर्ता एइचिरो ओदा स्वतः राखणीला बसला. आपलं समाधान होईपर्यंत मालिका प्रदर्शित होणार नाही हे नेटफ्लिक्सने मान्य केल्याचं त्याने २०२३मध्ये चाहत्यांना पत्राने कळवलं. ऑगस्टच्या अखेरीस आलेल्या मालिकेत कथानकाची कापाकापी बरीच होती, तरी चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

आता ‘डेथ नोट’चाच नवा डाव मांडला जातो आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’वाल्या डफर बंधूंनी २०२२मध्ये नेटफ्लिक्ससाठी नवी लाइव्ह-ॲक्शन मालिका जाहीर केली. लाइट कोणत्या देशाचा, कोणत्या रंगाचा असेल, यावर चर्चा होईल आणि ती व्हायलाही हवी. पण मालिकेचं भवितव्य ठरेल ते वही हाती आल्यानंतरचे ते पाच दिवस ती कसे दाखवते यावर. तेव्हा र्‍यूक अजून आलेला नसतो आणि लाइट खोलीत एकटा बसून नावं लिहीत असतो.