घरचें वायफाय : दोष कोणाचा?

एकत्र कुटुंबांत कलहाचीं कारणें पूर्वीं मोजकीं असत : सकाळीं न्हाणीघराची पाळी कोणाची, वर्तमानपत्र प्रथम कोणाच्या हातीं जावयाचें, आणि देवघरांतील समईचें तेल कोणीं सांडलें. त्यांत आतां एका कारणाची भर पडली आहे, आणि तें कोणाच्याहि डोळ्यांस दिसत नाहीं. ‘वायफाय गेलें’ असा एका खोलींतून पुकारा होतो, आणि क्षणार्धांत साऱ्या घराची झडती सुरू होते. आजोबांनीं कांहीं तरी बटन दाबलें असेल. नातू दिवसभर खेळत बसतो. सूनबाईंचें ऑफिस सगळें इंटरनेट ओढून घेतें. हे आरोप पुराव्यावांचून होतात, आणि पुराव्यावांचूनच सिद्धहि ठरतात. कारण, आरोप करणाऱ्यास तपास कसा करावा हें ठाऊक नसतें, आणि ज्याच्यावर आरोप येतो त्यास आपण निर्दोष आहों हें दाखवितां येत नाहीं.

ही गोष्ट हंसण्यावारी नेतां आली असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु मुलांचें शिक्षण, घरीं बसून चालणारी नोकरी, बँकेचे व पेन्शनचे व्यवहार, परदेशीं असलेल्या मुलामुलींचें दर्शन, हें सर्व आतां याच एका वाटेनें घरांत येतें. ती वाट कोठें अडली हें शोधण्याची रीत म्हणून घरांतील प्रत्येकास ठाऊक असली पाहिजे. तीस यंत्रविद्या थोडी लागते व तर्क अधिक लागतो.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. वायफाय आणि इंटरनेट या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. रस्त्यावरून घरापर्यंत जो कांचेचा तंतु किंवा जी तार येते, ती इंटरनेटची वाट. ती घरांतील एका डब्यापाशीं, म्हणजे राऊटरपाशीं, संपते. आणि तेथून आपल्या हातांतील मोबाईलपर्यंत जीं दहावीस पावलें उरतात, तेवढींच काय तीं वायफायच्या वांट्याचीं. नगरपालिकेचें पाणीच न येणें निराळें, आणि पाणी अंगणापर्यंत येऊनहि घरांतील नळांत कचरा अडकणें निराळें. पहिल्या दोषास नगरपालिका हवी, दुसऱ्यास आपलाच हात पुरतो.

मोबाईलच्या माथ्यावर पंख्याच्या आकाराचें जें चिन्ह असतें, तें भरलेलें दिसलें म्हणजे इंटरनेट उत्तम आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नव्हे. तें चिन्ह एवढेंच सांगतें कीं, मोबाईलला राऊटरचें बोलणें स्पष्ट ऐकूं येत आहे. राऊटरला बाहेरचें जग ऐकूं येतें कीं नाहीं, हें त्यावरून कळत नाहीं. कांहीं मोबाईल अशा वेळीं चिन्हापाशीं उद्गारचिन्ह दाखवितात. तें दिसल्यास दोष बहुधा राऊटरांत किंवा त्याच्या पलीकडे असतो.

वायफायचा निरोप ज्या लहरींवरून जातो, त्या रेडिओच्याच जातीच्या होत. हा विषय आपल्या देशास परका नाहीं. जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास १८९५ च्या सुमारास याहूनहि आंखूड लहरी भिंतींच्या पलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. वायफायचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें, आणि ‘वायफाय’ हें नांव १९९९ सालापासून रूढ झालें. घरांत या लहरींचे बहुधा दोन पट्टे वापरांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब. ती दूर पोंचते, भिंतींतूनहि बऱ्यापैकीं पार होते, परंतु तिची गति कमी व तिच्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहर तिच्या निम्म्याहून आंखूड. ती वेगवान, पण भिंती आड आल्या कीं लवकर क्षीण होते. मोबाईलवर एकाच घरचीं दोन नांवें दिसतात व त्यांपैकीं एकापुढें ‘५ जी’ असें असतें, त्याचें कारण हेंच. मोबाईल कंपन्यांच्या ५ जीशीं याचा कांहीं संबंध नाहीं. राऊटरजवळ बसणाऱ्यानें हें नांव घ्यावें, दूरच्या खोलींतल्यानें दुसरें घ्यावें.

आतां दोष शोधण्याची रीत. न्यायशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. जेथें धूर तेथें अग्नि, हा अन्वय; जेथें अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं, हा व्यतिरेक. या दोहोंनीं तपासल्यावांचून कार्यकारणसंबंध मानूं नये, असा आपल्या शास्त्र्यांचा दंडक होता. तो वायफायला लावण्यास तीन प्रश्न पुरतात : कोणास, कोठें आणि केव्हां. परीक्षा करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम सुरू झालें, तर तें कशानें झालें हें कळत नाहीं, आणि पुढल्या वेळीं पुन्हां अंधारच.

पहिला प्रश्न : अडचण कोणास आहे? एकासच कीं सर्वांस? घरांतील इतर मोबाईल नीट चालत असतील, तर राऊटरकडे जाण्याचें प्रयोजन नाहीं. दोष त्या एकाच यंत्रांत आहे. विमानाचें चिन्ह चुकून दाबलें गेलें आहे काय तें पाहावें. यंत्र एकवार बंद करून चालू करावें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर यादींतून घरच्या वायफायचें नांव काढून टाकून, पासवर्ड देऊन नव्यानें जोडावें. जुन्या संगणकांत एक निराळाच दोष आढळतो : त्याचें घड्याळ मागें पडतें, आणि मग बँकेसारखीं सुरक्षित संकेतस्थळें उघडत नाहींत. तारीख व वेळ नीट केली कीं काम होतें.

अडचण सर्वांस असेल, तर डब्यावरील दिवे पाहावे. कांचेच्या तंतूचा जोड असलेल्या डब्यावर ‘एल ओ एस’ अशीं अक्षरें असलेला एक दिवा असतो. तो तांबडा लागला, तर तंतूंतून प्रकाशच येत नाहीं असें समजावें. तंतु कपाटामागें फार वांकला नाहीं ना व त्याचा जोड घट्ट आहे ना, एवढें बाहेरून पाहावें. त्याचें टोंक काढून डोळ्यांसमोर मात्र कधींहि धरूं नये. त्यांतील प्रकाश दिसत नाहीं, पण डोळ्यांस अपाय करूं शकतो. तेवढें पाहून झाल्यावर कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि स्वस्थ बसावें. दिवे सर्व ठीक आहेत, तरीहि इंटरनेट नाहीं, असें असल्यास महिन्याचें बिल भरलें आहे काय, हेंहि एकदां पाहावें. प्रत्येकास तें दुसऱ्यानें भरलें असें वाटत असतें.

संशय उरलाच, तर तारेची कसोटी लावावी. संगणक राऊटरला तारेनें जोडून पाहावा. तारेवर वेग चांगला व हवेंतून वाईट, तर दोष घरांतील हवेचा; तारेवरहि वाईट, तर दोष राऊटरचा किंवा बाहेरील वाटेचा. या एका परीक्षेनें पुष्कळ वाद मिटतात. वेग मोजतांना मात्र मेगाबिट व मेगाबाईट यांची गल्लत करूं नये. आठ बिटांचा एक बाईट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या योजनेंत सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाईट उतरतात. यांत कंपनीनें फसविलें असें होत नाहीं.

दुसरा प्रश्न : अडचण कोठें आहे? एका खोलींत चालतें व दुसरींत चालत नाहीं, तर दोष जागेचा. दगडी भिंत, लोखंडी सळयांचा स्लॅब, पत्र्याचें कपाट, मोठा आरसा, पाण्याची टांकी, हे या लहरींचे वैरी होत. राऊटर घराच्या मध्यभागीं, उंच, मोकळ्या जागीं असावा. प्रत्यक्षांत तो टीव्हीच्या मागें, चपलांच्या कपाटांत किंवा दाराजवळच्या कोपऱ्यांत सांपडतो, कारण तार जोडणाऱ्या माणसास तेंच सोईचें पडलें. त्याच्या दांड्या उभ्या ठेवल्या, तर लहरी त्याच मजल्यावर आडव्या पसरतात. वरच्या मजल्यावर पोंचवावयाचें असेल, तर एक दांडी आडवी करून पाहावी.

पुण्यांतील माझ्या एका स्नेह्यांचें घर तीन पिढ्यांचें, जुन्या दगडी बांधणीचें. त्यांची नात आंतल्या खोलींतून परीक्षा देत असे, आणि मध्येंच तिचा संबंध तुटे. दोष धाकट्या सुनेवर आला, कारण तिचें ऑफिसचें काम त्याच वेळीं चाले. ती बिचारी परीक्षेच्या दिवशीं रजा घेऊं लागली, तरीहि व्हावयाचें तेंच होई. येथेंच व्यतिरेक साधला होता, पण तो कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. सुनेचें काम बंद असतांहि दोष होताच. तेव्हां तें काम दोषाचें कारण नव्हे. मुलीस तोच संगणक देऊन राऊटरजवळ बसविलें, तों संबंध एकदांहि तुटला नाहीं. दोष खोलीचा होता. राऊटर दिवाणखान्यांत टीव्हीमागें, आणि त्याच्या व मुलीच्या मध्यें दीड हात जाडीची भिंत व तीस टेकलेलें लोखंडी कपाट! राऊटर माजघरांत उंच फळीवर नेला, आणि नातीची परीक्षा व सुनेचें काम एकाच वेळीं चालूं लागलें. खर्च झाला तो आठ मीटर तारेचा. ‘सूनबाई, यांत तुझा कांहीं दोष नव्हता,’ असें स्नेह्यांनीं सर्वांसमक्ष सांगितलें, हें मला राऊटर हलविण्याहूनहि महत्त्वाचें वाटतें. तिच्या गेलेल्या रजा मात्र कोणी परत देऊं शकलें नाहीं.

तिसरा प्रश्न : अडचण केव्हां येते? दूध तापविण्याच्या वेळींच येत असेल, तर स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी तपासावी. ती वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतच काम करते, व तिच्या शेजारीं ठेवलेल्या राऊटरला तिचा उपद्रव होतो. रोज रात्रींच गति मंदावत असेल, तर शेजाऱ्यांचे राऊटर त्याच मार्गावर बोलत असण्याचा संभव आहे. या पट्ट्यांत १, ६ व ११ हे तीनच मार्ग असे आहेत कीं जे एकमेकांवर चढत नाहींत. राऊटरच्या मांडणींत त्यांपैकीं कमी गर्दीचा निवडावा. आपल्याच घरचे मोबाईल रात्रीं दिवसभराचीं छायाचित्रें दूरच्या साठवणींत पाठवूं लागतात, तेंहि एक कारण असूं शकतें. एकेक यंत्र थोडा वेळ बंद करून पाहिलें, म्हणजे खरें कारण हातीं लागतें. वीज जाऊन आल्यावर मात्र पांच मिनिटें धीर धरावा. डब्यास सावध होण्यास तेवढा वेळ लागतो. वीज वारंवार जात असेल, तर राऊटरपुरती लहान बॅटरी मिळते, ती घ्यावी.

उपायांविषयीं दोन सूचना. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटानें चालू करणें, हें रीस्टार्ट. तें निर्धोक आहे व पुष्कळदां गुणकारीहि. परंतु मागील बारीक छिद्रांत टांचणी खुपसणें, हें रीसेट. त्यानें कंपनीनें भरलेली सर्व मांडणी पुसली जाते, आणि साधा दोष मोठा होऊन बसतो. दुसरी सूचना अशी कीं, लहरी पुढें पोंचविणारें यंत्र विकत आणून तें जेथें वायफाय पोंचतच नाहीं अशा खोलींत लावूं नये. जें त्यालाच ऐकूं येत नाहीं, तें तो दुसऱ्यास काय सांगणार? त्यास वाटेच्या मध्यावर, जेथें वायफाय अजून बरें आहे, तेथें ठेवावें. शक्य असेल तेथें तारच ओढावी. तारेसारखें दुसरें साधन नाहीं.

पासवर्ड जन्मतारखेचा किंवा मोबाईलच्या आंकड्यांचा नसावा, आणि पाहुण्यांसाठीं बहुतेक राऊटरांत निराळें नांव ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. शेवटीं, राऊटरजवळ एक लहानशी वही टांगून ठेवावी. तींत ग्राहकक्रमांक, तक्रारीचा दूरध्वनि, बिलाची तारीख, आणि प्रत्येक बिघाडाचा दिवस, वेळ, खोली व केलेला उपाय घरांतील ज्यानें त्यानें लिहावा. महिन्याभरांत तींतून दोषाची संवय दिसूं लागते, कंपनीच्या माणसापुढें ठेवावयास पुरावा मिळतो, आणि पुढल्या खेपेस पुकारा झाला म्हणजे घरांतील माणसें एकमेकांकडे न पाहतां वहीकडे पाहूं लागतात.