दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला?



आपला कारखाना साखर तयार करतो आणि सभासदांची सवलतीची साखर आपल्या घरोघरी येते. तेव्हा ती लहान मुलांना कशी द्यावी, हेही आपल्याच अंकातून सांगायला हवे.

मुलाची दाढ किडली की घरात हमखास ऐकू येते, "दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत की!" ही समजूत पोराला महागात पडते.

दुधाचे दात एकूण 20. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. पण दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे दुसरीतल्या मुलाची दाढ किडली, तर पुढची तीन-चार वर्षे त्याला तिनेच भाकरी चावायची असते. दाढ ठणकू लागली की मूल जेवत नाही, झोपत नाही, शाळा बुडते. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पक्का दात वाकडा येतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच आईबापांना माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच समजली जाते आणि किडून जाते. उसाचा खोडवा घेता येतो, पक्क्या दाढेचा खोडवा येत नाही!

कीड लागते कशी?

दातात किडा नसतो. "किडे काढून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. या आम्लाने दाताच्या कवचातील क्षार विरघळतात. लाळ हे आम्ल निवळते, थोडी झीजही भरून काढते; पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली, हे महत्त्वाचे. जेवणाबरोबर शिरा खाल्ला तर दातावर एकदाच मारा होतो. तोच दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोळ्या-बिस्किटे चालू राहिली, तर लाळेला सवडच मिळत नाही. झोपेत तर लाळ फार कमी सुटते. गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात म्हणूनच आधी किडतात. गूळ, काकवी, मध यांनीही कीड लागते. साखरेला दोष देऊन गूळ निर्धास्त देऊ नये.

घरी काय करावे?

1. पहिला दात दिसताच मऊ ब्रशने सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये.
2. फ्लोराईडची टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी घ्यावी. घासून झाल्यावर थुंकायला शिकवावे.
3. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने स्वतः घासून द्यावे. पोराचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही.
4. राखुंडी, विटेची पूड वापरू नये. त्याने दात झिजतात. मशेरीत तंबाखू असते, ती मुलांच्या हाती लागू देऊ नये.
5. गोड द्यायचे ते जेवणाबरोबर द्यावे. ऊस खाल्ला, गोड औषध घेतले, की पाण्याने चूळ भरायला लावावी.
6. महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून बघावे. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले, तर ती किडीची सुरुवात समजावी. या टप्प्यावर कीड थोपवता येते. पुढे डाग तपकिरी होऊन खड्डा पडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 2013 पासून अंगणवाडीत व सरकारी शाळांत मुलांची आरोग्य तपासणी होते, तीत दातही पाहतात. पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. दाढेत खड्डा दिसला तर ठणका लागण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवावे. लहान खड्डा भरता येतो, उशीर झाला की दाढ काढण्याची पाळी येते.

उसाला पाण्याची पाळी चुकू नये म्हणून आपण रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जातो. पोराच्या दातासाठी रात्रीची दोन मिनिटे काढणे त्याहून खचितच सोपे आहे.