नकली माशाच्या पोटात वजन कुठे बसवाल?

गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. परंतु खाडीकाठी, तलावाकाठी राहणाऱ्या कष्टकरी घरात रविवारचे कालवण पुष्कळदा याच उद्योगावर शिजते. जिताडा, तांबोशी, मरळ हे शिकारी मासे. हलते भक्ष्य दिसले की झडप घालतात. त्यांच्यासाठी वापरतात तो नकली मासा, ज्याला दुकानात ‘ल्यूर’ म्हणतात, महाग पडतो. आणि खडकात अडकून तंगूस तुटला की गेलाच. म्हणून हुन्नरी माणसे तो घरीच साच्यात रेझिन ओतून करतात.

रंग, डोळे, खवले हुबेहूब जमतात. पाण्यात मात्र मासा कुशीवर पडतो, नाक खुपसतो किंवा भोवऱ्यासारखा फिरून तंगुसाला पीळ घालतो. अशा वेळी लोक वजन कमी-जास्त करत बसतात. बहुतेकदा वजन पुरेसे असते, जागा चुकलेली असते. रेझिन घट्ट झाले की आतले वजन सरकवता येत नाही, तेव्हा जागा आधीच शोधावी लागते.

फिनलंडचा लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार. १९३६ साली त्याने रापीने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोची फिल्म वितळवून तिचा लेप दिला. थव्यातला दुबळा मासा किंचित डळमळत पोहतो आणि मोठा मासा नेमका त्यालाच धरतो, हे त्याने पाहिले होते. ती डळमळ साधण्यासाठी त्याची सारी खटपट होती. बूच पाण्याहून खूप हलके. आपले रेझिन मात्र पाण्याहून थोडे जड असते.

हिशोब करून पाहू. आपला मासा २० घनसेंटिमीटरचा आहे असे धरा. तो २० ग्रॅम पाणी बाजूला सारतो. नुसत्या रेझिनचा केला तर तोच सुमारे २२ ग्रॅम भरतो, म्हणजे वजन न घालताही बुडतो. म्हणून रेझिनमध्ये काचेचे पोकळ, पिठासारखे कण मिसळतात. त्यांना मायक्रोबलून म्हणतात. ते घालून अंग १४ ग्रॅमवर आणले, गळ आणि कड्यांचे ३ ग्रॅम धरले, तर वजनासाठी ३ ग्रॅम उरतात. त्यातले दोनच वापरले तर मासा तरंगतो.

आता जागा. पहिली गोष्ट, वजन पोटाच्या तळाशी हवे. ढकलली तरी उभी राहणारी तंजावरी बाहुली आठवा. तिचा सारा भार बुडाशी असतो. वजन वर सरकले की मासा कुशीवर कलतो. एका बाजूला थोडेसे सरकले तरी तो तिरका चालतो.

दुसरी गोष्ट लांबीची. पुढच्या गळाच्या कडीजवळ, मध्याच्या किंचित पुढे वजन ठेवले की मासा साधारण आडवा तरंगतो. शेपटीकडे ठेवले तर फेकताना बाणासारखा लांब जातो, पण पाण्यात शेपूट खाली करून बसतो. नाकाकडे ठेवले तर हवेत कोलांट्या घेतो.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तेच दोन ग्रॅम अर्धे डोक्यात, अर्धे शेपटीत घातले तर तोल बरोबर राहतो, डळमळ मात्र मंदावते. खांद्यावर कावड घेतलेला माणूस पटकन वळू शकत नाही. तोच भार छातीशी धरला तर झटकन वळतो. म्हणून वजन एके ठिकाणी गोळा करावे.

जागा शोधायला बादली पुरते. पहिला मासा वजनाशिवाय ओता. गळ लावा, कारण गळांचेही वजन तोल बदलते. मग वायरमनच्या टेपने पोटाखाली वजन चिकटवा आणि पुढे-मागे सरकवत पाहा. हवा तसा तरंगला की खूण करा. बाहेरचे वजन आत गेल्यावर थोडे वर येते, हे विसरू नका. बादलीत जेमतेम उभा राहणारा मासा भरल्यानंतर कलणारच.

मग खुणेवर पोटातून भोक पाडून वजन बसवावे आणि रेझिनने बुजवावे. ओततानाच वजन साच्यात ठेवणेही शक्य आहे, पण तारेला पक्के केले नाही तर ते घसरते. आडव्या साच्यात ते एका कुशीला जाते. पहिले पाच-सहा मासे भोक पाडूनच करावेत, असे माझे मत आहे. आणखी एक, रेझिन सावकाश घट्ट होणारे असेल तर हलके कण वर चढतात. साचा नाकावर उभा केला तर शेपूट हलकी होते. पोट खाली ठेवून ओतले तर पाठ हलकी होते, आणि तेच आपल्याला हवे असते.

वजन म्हणून जाळ्याचे शिसे वापरण्याची रीत आहे. पण ते घरात वितळवू नका. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि एका खोलीच्या घरात मुले कुठे पाठवणार? त्यापेक्षा सायकलचे छर्रे घ्या. पाव इंची छर्रा साधारण एक ग्रॅमचा, म्हणजे दोन छर्ऱ्यांत काम भागते. पोलाद शिशाहून हलके असल्याने भोक जरा मोठे लागते, एवढेच. छर्रे एकावर एक न रचता शेजारी-शेजारी बसवावेत, नाहीतर वरच्या छर्ऱ्यामुळे भार वर सरकतो. रेझिन हाताळताना हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

खाडीसाठी मासा करत असाल तर शेवटची चाचणी खाडीच्याच पाण्यात घ्या. खारे पाणी जड असल्यामुळे आपल्या २० घनसेंटिमीटरच्या माशाला सुमारे अर्धा ग्रॅम जास्त उचलून धरते. नळाच्या पाण्यात हळूहळू बुडणारा मासा तिथे अधांतरी थांबू शकतो, आणि पावसाळ्यात खाडी गोडी झाली की तोच पुन्हा बुडू लागतो.